सेन्सेई म्हणू, सर म्हणू की वस्ताद?

गुरुपौर्णिमा जवळ आली की दरवर्षी मला एकाच जातीची पत्रं येतात, क्लासच्या सरांना काय म्हणायचं, पाया पडायचं का, वाकायचं किती. मी स्वतः सव्वीस वर्षं कराटे करतेय, त्यातली सतरा शिकवतेय, आणि माझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, त्यामुळे दोन्हीकडचं कानावर पडलंय. म्हणून या वेळी सगळं सदर याच प्रश्नांना दिलंय.

ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, कराटे क्लासला जातो. तिथे सगळी मुलं "सेन्सेई सर" म्हणतात. सासरे म्हणतात, सरळ सर म्हणा की, जपानी कशाला? आणि मी त्यांच्याशी बोलताना काय म्हणू? ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. आणि गुरुपौर्णिमेला मुलाने त्यांच्या पाया पडायचं का? (एक आई, डोंबिवली)

सासऱ्यांचं चुकलेलं नाही आणि मुलाचंही नाही, पण "सेन्सेई सर" मात्र नको, ते "गुरुजी सर" म्हटल्यासारखं होतं, एकाच माणसाला एकाच वेळी दोनदा हाक. सेन्सेई या शब्दाचा अक्षरशः अर्थ आहे आधी जन्मलेला, म्हणजे या वाटेवर आपल्या आधी चालून गेलेला. जपानमध्ये तो फक्त कराटेवाल्यांसाठी नाहीये, शाळेतले शिक्षक, डॉक्टर, वकील सगळ्यांना सेन्सेई म्हणतात. आणि तिथे तो नावाच्या मागे लागतो, आपल्या "राव" किंवा "ताई"सारखा. म्हणजे तनाका सेन्सेई, सेन्सेई तनाका नाही. आपल्याकडे बोर्डावर सर्रास उलटं लिहिलेलं असतं, ते इंग्रजीतून आलंय.

तुमच्या पुरतं म्हणाल तर तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी नाही, त्यामुळे "सर" किंवा आडनावाला "सर" लावून बोला, अहो-जाहो करा, वयाने लहान असले तरी. मुलासमोर "ए" म्हणू नका एवढंच, कारण मुलं आपल्या तोंडातलं उचलतात. आणि मुलाला क्लासमध्ये जे म्हणायला शिकवलंय तेच म्हणू दे, त्याच्यासाठी तो शब्द चपला काढण्यासारखा आहे, उंबऱ्याच्या आत आलो की मी शिकणारा झालो.

पाया पडण्याचं विचारलंयत म्हणून सांगते, जपानी डोजोत, म्हणजे शिकायच्या जागेत, पाया पडत नाहीत, वाकून नमस्कार करतात, त्याला रेई म्हणतात. गुरुपौर्णिमेला मुलं पाया पडली तर ती आपली रीत आहे, मनापासून असेल तर छानच, पण रांग लावून सक्तीने नको. माझ्या क्लासमध्ये मी मुलांना सांगते की आधी घरी आजीच्या पाया पडून या.

मला दोन वर्षांपूर्वी ब्लॅक बेल्ट मिळाला. आता सोसायटीत संध्याकाळी पंधरा-वीस मुलांना शिकवतो. पॅम्प्लेट छापायचंय, त्यावर नावाआधी "सेन्सेई" लिहू का? एक मित्र म्हणतो "शिहान" लिही, वजन पडतं. (एक तरुण, पुणे)

भावा, दोन्ही लिहू नकोस, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय. सेन्सेई हा शब्द दुसऱ्याने म्हणायचा असतो. जपानी माणूस स्वतःची ओळख करून देताना मी अमुक सेन्सेई असं म्हणत नाही, स्वतःबद्दल बोलताना तो साधं "मी शिकवतो" म्हणतो. आपल्याकडे तरी कोण स्वतःला "मी अमुकराव साहेब" म्हणतं? म्हटलंच तर ऐकणाऱ्याला कसंतरीच होतं ना, तेच हे.

शिहान तर आणखी लांबची गोष्ट आहे. शिहान म्हणजे ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी शिकावं असा, शिक्षकांचा शिक्षक म्हण. ऐकिडो या जपानी कलेतल्या ऐकिकाई संस्थेत साधारण सहाव्या डाननंतर, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या सहाव्या पायरीनंतर, कुठे शिहान म्हणतात. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तर रेन्शी, क्योशी, हान्शी अशा पदव्या आहेत, रेन्शीला किमान सहावा डान, क्योशीला सातवा, हान्शीला आठवा, आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत माणसाचे केस पांढरे होतात. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, त्यातला "शो" म्हणजे सुरुवात. म्हणजे तुझ्या पट्ट्यावरच लिहिलंय की आता शिकायला सुरुवात झाली. ही डानची पद्धत ज्यांनी आणली त्या ज्युडोच्या जिगोरो कानोंनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी पहिले डान दिले, तेव्हापासून त्याचा अर्थ हाच आहे, आता पाया झाला, पुढचं चढायला घ्या.

पॅम्प्लेटवर तुझं नाव लिही, खाली "कराटे प्रशिक्षक, ब्लॅक बेल्ट फर्स्ट डान" लिही, कोणाकडे शिकलास ते लिही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, गुरूचं नाव सांगायला लाजायचं नसतं आणि पालकांनाही त्यावरून चौकशी करता येते. मुलांनी तुला "सेम्पाई" म्हटलं तर मस्त, म्हणजे आपल्यात आधी आलेला मोठा दादा. "दादा" म्हटलं तरी चालेल. मग कधीतरी, पाच वर्षांनी, एखादा मुलगा आपणहून सेन्सेई म्हणेल. ऐकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबांना "ओ-सेन्सेई" म्हणजे थोर सेन्सेई म्हणतात, ते त्यांच्या शिष्यांच्या तोंडून रूढ झालं, पॅम्प्लेटवरून नाही.

माझा भाचा आता तालमीत जातोय. तिथल्या वस्तादांना मी "सर" म्हटलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं काय चुकलं? (एक मामा, सांगली)

काही चुकलं नाही, फक्त शब्द वेगळ्या घरातला होता. तालमीत सर नसतात, वस्ताद असतात. उस्तादचं मराठी झालेलं रूप आहे ते, आणि आपल्या मातीत इतकं मुरलंय की आता ते परकं वाटतच नाही. मर्दानी खेळ, लाठी, दांडपट्टा शिकवणाऱ्यालाही वस्तादच म्हणतात. आणि जो शिकतो तो त्यांचा पठ्ठा. "अमुक वस्तादांचा पठ्ठा आहे" एवढं म्हटलं की मैदानात बाकी ओळख लागत नाही.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे, की मोठ्या वस्तादांना लोक शेवटी घरच्या नात्यानेच हाक मारतात. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर सगळ्यांचे आबा होते. हरिश्चंद्र बिराजदार मामा होते. मल्लखांबाला ज्यांनी पुन्हा जीव दिला ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभट देवधर, त्यांच्या नावात "दादा" कायमचं चिकटलंय. पदवी कितीही मोठी असली तरी आपल्याकडे आदराचं शेवटचं टोक म्हणजे घरातलं नातं, हे मला जपानी पद्धतीपेक्षा जास्त जवळचं वाटतं, आणि चिनी लोकांचंही असंच आहे, त्यांच्या शिफू शब्दात वडील आहेत, गुरूची बायको ती गुरुमाता, आधी आलेला तो थोरला गुरुभाऊ.

तर भाच्यासोबत जाल तेव्हा "राम राम वस्ताद" म्हणा. चपला बाहेर काढा. हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय टाकू नका, तिथे उतरायचं ते लंगोट लावून आणि मातीला हात लावून कपाळाला लावूनच. आजोबा सांगायचे की मारुतीला नमस्कार, मातीला नमस्कार, मग वस्तादांना, या क्रमात चूक झाली की वस्ताद काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे आणि त्या दिवशी शंभर जोर जास्त पडायचे. मी लहानपणी त्या दारापर्यंतच जायचे, मुलींना आत घेत नसत. आता मुली कुस्तीत आहेत, मॅटवरही आणि मातीतही, ते बघून आजोबांना काय वाटलं असतं ते माहीत नाही, मला मात्र डोळ्यात पाणी येतं.

आम्ही ख्रिश्चन आहोत. मुलीला क्लासमध्ये संस्थापकांच्या फोटोसमोर गुडघे टेकून वाकायला लावतात. आमच्या घरात यावरून वाद आहे. ही पूजा आहे का? (एक वडील, मडगाव)

तुमची शंका अगदी रास्त आहे, कोणी हसण्यावारी नेली असेल तर ते बरोबर नाही. वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी साधारण तीन वेळा वाकतात. समोरच्या बाजूला, मग शिक्षकांना, मग सगळे एकमेकांना. गिचिन फुनाकोशी, ज्यांनी 1922 मध्ये ओकिनावाहून येऊन टोकियोत कराटे दाखवलं, त्यांच्या वीस सूत्रांपैकी पहिलंच असं आहे की कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्काराने संपतं. यात मागणं नाही, प्रार्थना नाही, ज्यांनी शिकवलं त्यांची आठवण आहे. आणि एक गोष्ट मुलीला नीट बघायला सांगा, मुलं शिक्षकांना वाकतात तेव्हा शिक्षकही मुलांकडे तोंड करून वाकतात. तो नमस्कार दोन्ही बाजूंनी असतो. जिथे शिक्षक नुसते उभे राहून नमस्कार घेतात तिथे मला काळजी वाटते.

तरीही जपानमधल्या काही डोजोत समोर खरंच शिंतो या जपानी धर्माचं छोटं देवघर असतं, त्यामुळे "यात धर्माचं काहीच नसतं" असं मी सरसकट म्हणणार नाही. तुमच्या क्लासमध्ये फोटो असेल तर सरांना वेगळं भेटून, मुलांसमोर नाही, सांगा की ती फोटोसमोर ताठ उभी राहून मान झुकवेल, बाकी सगळ्यांना नीट रेई करेल. समजूतदार शिक्षक लगेच हो म्हणतात. माझ्याकडे अशी दोन मुलं आहेत, त्यांच्या शिस्तीत काडीचा फरक नाही.

मी सोळा वर्षांची आहे. आमचे सर रात्री उशिरा पर्सनल मेसेज करतात, एकटीला एक्स्ट्रा प्रॅक्टिसला बोलवतात. मी नाही म्हटलं तर म्हणतात, "सेन्सेईला नाही म्हणायचं नसतं, फक्त ओस म्हणायचं." मला भीती वाटते पण त्यांचा अपमानही करायचा नाहीये. (नाव आणि गाव देत नाही)

बाळा, तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस, आणि नाही म्हणणं हा अपमान नाही. सेन्सेईला नाही म्हणायचं नसतं असा नियम कुठल्याच कलेत नाही, मला सव्वीस वर्षांत कोणी शिकवला नाही आणि मी कोणाला शिकवणार नाही. "ओस" हा शब्द क्योकुशिन आणि काही कराटे शैलींमध्ये हो, समजलं, तयार आहे अशा अर्थाने मॅटवर म्हणतात. मॅटच्या बाहेर त्याचं काही चालत नाही, उलट जपानमध्ये बाहेर मोठ्या माणसाला ओस म्हणणं असभ्य समजतात.

आजच आईला, बाबांना, मावशीला, शाळेतल्या बाईंना, ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला हे मेसेज दाखव. डिलीट करू नकोस. एकटीने जाऊ नकोस, कारण सांगायचीही गरज नाही. कोणाशीच बोलता येत नसेल तर 1098 वर फोन कर, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे आणि तो तुझ्या बाजूने आहे.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्या पालकांना, क्लास चालू असताना कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मागा. जिथे ती कधीच मिळत नाही तिथून मूल काढून घ्या, बेल्टची फी भरलेली असली तरी.

महिला शिक्षिकेला काय म्हणायचं? (एक पालक, नागपूर)

सेन्सेईच, त्यात बाई-पुरुष नाही. केरळच्या कळरी या युद्धकलेत गुरूला गुरुक्कळ म्हणतात, वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांना, ज्यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनाही मीनाक्षी गुरुक्कळ म्हणतात. मला मुलं ताई म्हणतात, मला तेच आवडतं.

पुढच्या महिन्यात थायलंडला मुए थाई शिकायला चाललोय. तिथे काय म्हणू? (एक वाचक, ठाणे)

"ख्रू" म्हण. नीट ऐक तो शब्द, तो आपला गुरूच आहे, प्रवास करून तिकडे गेलेला. जास्त मोठ्या शिक्षकांना "आजान" म्हणतात, तो आपला आचार्य. इंडोनेशियाच्या सिलात या युद्धकलेत तर सरळ गुरूच म्हणतात, फिलिपिन्समध्ये गुरो. हात जोडून वाय कर, नमस्कारच आहे तो. कोणाच्या डोक्याला हात लावू नकोस, बसताना पाय कोणाकडे करू नकोस. लढतीआधी जो नाच करतात त्याचं नाव वाय ख्रू, म्हणजे गुरुवंदना, तो चालू असताना फोन खाली ठेव.

(तायक्वांदोच्या दोन पत्रांना इथेच उत्तर देते. शिक्षकांना "साबम-निम", त्यातला "निम" हा आपल्या "जी"सारखा आदराचा आहे, तो गाळू नका.)

मी आता पंचेचाळीसचा आहे, बँकेत मॅनेजर. लहानपणी ज्यांच्याकडे ज्युडो शिकलो ते सर परवा भाजी मंडईत दिसले, खूप थकलेत. मला तोंडातून शब्दच फुटला नाही, काय म्हणावं कळेना, आणि मी निघून आलो. तेव्हापासून झोप नाही. (एक विद्यार्थी, सोलापूर)

जे तेव्हा म्हणायचात तेच. सर म्हणत असाल तर सर, दादा म्हणत असाल तर दादा. त्यांना तुमचा चेहरा आठवणार नाही कदाचित, चाळीस मुलांमधला एक होतात, म्हणून आधी नाव सांगा, मग वर्ष, मग एखादी खूण, मी तोच ज्याचा खांदा अमुक स्पर्धेत निखळला होता. शिक्षकांना चेहरे विसरायला होतात पण दुखापती नाही विसरत, हे मी स्वतःवरून सांगतेय.

येत्या रविवारी जा. आधी फोन करून जा, दुपारची झोपेची वेळ टाळा, फळं न्या, बायको-मुलांना पहिल्या वेळी नका नेऊ. आणि त्यांनी उठून उभं राहायचा प्रयत्न केला तर तुम्ही पटकन खाली बसा.