वास आला की आधी मास्क

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाइप रेटिंग (एका जातीचं विमान चालवायची परवानगी) झालं, लाइन ट्रेनिंग (प्रवासी फेऱ्यांवरचं प्रशिक्षण) सुरू झालं, हे कळलं. लँडिंग शिकवायला तुला दहाजण भेटतील. मी विमानात येणाऱ्या एका वासाबद्दल लिहितोय.

दोन दिवस बॅगेत कोंबून ठेवलेल्या घामट मोज्यांचा वास. एकदा उतरायला सुरुवात करताना थ्रस्ट (इंजिनचा जोर) अगदी कमीवर, आयडलवर आणला आणि तो कॉकपिटभर झाला. मी शेजारी म्हटलं, "बूट घाला, राव!" दोघंही हसलो. पाचेक मिनिटांत वास गेला. म्हणजे गेला नव्हता, नाक मेलं होतं. अत्तरवाल्याला दुकानात अत्तर कुठे जाणवतं? त्यानंतर एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रकाने) दिलेलं साधं हेडिंग, म्हणजे दिशा, मी तीनदा विचारलं. डोकं जड, आणि आपण अगदी ठीक आहोत अशी पक्की खात्री. मला आजही भीती वाटते ती त्या खात्रीची.

आपण श्वास घेतो ती हवा इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून येते, हे तू शिकलीच आहेस. (बोइंग ७८७ त्याला अपवाद; तिथे विजेवरचे वेगळे कॉम्प्रेसर आहेत.) बेअरिंगचं तेल आणि ही हवा यांच्यामध्ये असतात फक्त सील, तेही हवेच्या दाबाच्या भरवशावर. पॉवर बदलली की दाब बदलतो, सीलमधून थोडं तेल हवेत झिरपू शकतं, म्हणून त्याचा वास बहुधा चढताना किंवा उतरणीच्या तोंडाशी येतो. केबिनच्या हवेसाठी असलेला हेपा फिल्टर कण अडवतो, वाफ नाही. पॅनलवर यासाठी दिवा नाही. आहे ते नाक, आणि ते असं दगा देणारं.

त्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे मज्जातंतूंना घातक ठरू शकणारं रसायन असतं. १९५९ मध्ये मोरोक्कोतल्या मेक्नेसमध्ये जेट इंजिनचं जुनं तेल खाद्यतेलात मिसळून विकलं गेलं आणि सुमारे १०,००० माणसांचे हातपाय लुळे पडले. तुला घाबरवायला हे सांगत नाही. ते तेल पोटात गेलं होतं, आपल्या श्वासात जातं ते फारच थोडं, आणि आजच्या तेलात त्यातला सर्वांत घातक ऑर्थो प्रकार अगदी कमी ठेवतात. दीर्घकाळच्या आजारांबद्दल डॉक्टरांचा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटायची वाट कॉकपिटमध्ये बघायची नसते, इतकंच.

डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीत कोलोनला उतरणाऱ्या एका एअरबस ए३१९ विमानात दोन्ही वैमानिकांना मळमळू लागलं, हातापायांना मुंग्या आल्या, लक्ष लागेना. मास्क लावून त्यांनी विमान उतरवलं. म्हणून वास आला की आधी मास्क, १०० टक्के ऑक्सिजनवर, मग चर्चा आणि चेकलिस्ट. कॅप्टन हसला तरी. खरं तर हसला तर जास्तच लवकर.

उतरल्यावर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिही. "वास आला" एवढंच नको: कुठल्या टप्प्यात, कोणता पॅक (केबिनला थंड हवा देणारं यंत्र), एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) चालू होता का, किती वेळ, कुणाला काय झालं. ग्राउंड रनमध्ये (जमिनीवर इंजिन चालवून बघताना) काही सापडलं नाही म्हणून इंजिनिअर वैतागेल. वैतागू दे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला गेलेल्या एका क्यू४०० विमानात धूर भरला, तेव्हा कुठे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक नियामकाने) त्या कंपनीच्या क्यू४०० ताफ्याच्या इंजिन तेलाचे नमुने दर १५ दिवसांनी तपासायला लावले. धुराआधी बरेचदा वासच येतो, आणि तो कागदावर नसतो.

आणि हो, तुला चष्मा आहे ना? मग विमान बेवर (उभं करायच्या जागेवर) असतानाच मास्क एका हाताने, चष्म्यावरून, पाच सेकंदांत चढवून बघ. मला पहिल्यांदा जमलं नव्हतं.

तुझा,
काका