एफडी मोडा, पण गोल्फसाठी नाही

वरुड तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांचं पत्र आहे. वय 41, पेन्शन 26 हजार, घरखर्च 18 हजार, पाच एकर संत्रा, दोन मुलं शाळेत. फौजेत गोल्फ शिकले, आता दर रविवारी मोटारसायकलने नागपूरला जाऊन खेळतात. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) 24 आहे. दोन वर्षांत तो 10 वर आणायचा आणि मग प्रशिक्षक म्हणून महिन्याला चाळीस हजार कमवायचे, असा बेत आहे. त्यासाठी काठ्यांचा नवा सेट दीड लाख, तीस धड्यांचं पॅकेज साठ हजार, सरावाची जाळी आणि मॅट तीस हजार. प्रश्न एवढाच: तीन लाखांची एफडी मोडू का?

खाली ताजा कलम आहे: "बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या योजनेचा तिसरा लाखाचा हप्ता सप्टेंबरात आहे. मागच्यासारखीच बागेच्या व्यापाऱ्याकडून उचल घेईन, त्यामुळे त्याची चिंता नाही. पीककर्जाचे दोन लाख मात्र 30 जूनला भरायचे राहिले."

भाऊ, मला चिंता त्याचीच वाटते. गोल्फचं नंतर बोलू.

ज्याला तुम्ही योजना म्हणता ती विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: वर्षाला एक लाख, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी सोळा लाख. "एफडीपेक्षा भारी" म्हणून तुम्हाला विकली. परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. निवृत्तीचे पैसे ठेवायला आलेल्या माणसाला काउंटरवर हे गळ्यात मारलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. विमा तरी किती? दहा लाख. शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या बापाला तो काय पुरणार!

आता हप्त्याचा पैसा कुठून येतो ते पाहा. सप्टेंबरात आंबिया बहार (हिवाळ्याअखेरच्या फुलांची संत्री) झाडावर हिरवा असतो, फळगळ सुरू असते, शेतकरी घाबरलेला असतो. नेमकी तेव्हा तुम्ही उचल घेता आणि व्यापारी भाव ठरवून टाकतो. शेजाऱ्याची तेवढीच बाग दिवाळीनंतर साठ हजार जास्त देऊन गेली, असं तुम्हीच लिहिलंय. त्यातला निम्मा फरक फळाच्या आकाराचा धरू. तरी तीस हजार उचलीने खाल्ले. हातात पैसा कमी आला म्हणून पीककर्ज थकलं. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. तुम्हाला ते सात टक्क्यांनी पडलं, म्हणजे चौदा हजार. त्यापुढच्या दिवसांना बँकेचा नेहमीचा, आणखी चढा दर. एक लाखाचा हप्ता भरायला तुम्ही चव्वेचाळीस हजार मोजलेत, आणि तेही साडेचार टक्के मिळवायला.

म्हणून एफडी मोडा, या कर्जासाठी. थकलेले दोन लाख आणि व्याज, फार तर सव्वादोन लाख, या आठवड्यात भरा. गेलेले चौदा हजार परत येणार नाहीत, पण खातं नवं-जुनं होईल आणि पुढचं कर्ज पुन्हा बिनव्याजी मिळेल. ते पैसे बागेतच लागले पाहिजेत. उरलेले पंचाहत्तर हजार हात न लावता ठेवा. वरुडकडे बोअर कधी आटेल याचा भरवसा नसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सप्टेंबरचा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज पॉलिसी बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून नुसती चालू ठेवली तर मुदतीअंती किती. समजा आज दोनाचे एक लाख मिळाले. दुखेल. ते न घेता पुढचे आठ हप्ते भरत राहिलात तर या घडीपासूनचा परतावा सहा टक्क्यांच्या जरा खालीच पडतो. पीपीएफमध्ये 7.1 टक्के आहेत आणि तिथे उचल घ्यायला कोणी लावत नाही. पॉलिसी परत करायची तीस दिवसांची मुदत गेली, पण "एफडी सांगून विमा विकला" अशी लेखी तक्रार आधी बँकेला आणि विमा कंपनीला करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथे फी लागत नाही. पन्नास लाखांचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) मात्र आधी घ्या, वर्षाला बारा-पंधरा हजारांत बसेल. दवाखान्याला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तिकडे वेगळा खर्च नको.

आता गोल्फ. तुम्ही खेळा, सोडू नका. पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ तीच आहे: पहाटे बागेत पाणी सोडलं की दांडात पाणी फिरेपर्यंत तुम्ही झाडांच्या ओळीत चेंडू मारता.

पण नव्या सेटने 24 चे 10 होत नाहीत. पार 72 च्या, म्हणजे 72 फटके नेमून दिलेल्या अठरा होलच्या कोर्सवर दर होलला दोन धरून 36 फटके पटिंगचेच (होलजवळ चेंडू हलकेच ढकलायचे, त्यांना ‘पट’ म्हणतात) गृहीत असतात. तुम्ही पाठवलेल्या कार्डावर पट 43 आहेत. ते जास्तीचे सात फटके दीड लाखाच्या सेटने जाणार नाहीत. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. तेवढ्या तोंडाची वाटी अंगणात शेणाने सारवलेल्या जागी पुरा आणि रोज चार फुटांवरून शंभर पट मारा. वेजसाठी (जवळून चेंडू उंच उडवायची काठी) वीस पावलांवर घमेलं ठेवा. जुन्या सेटच्या ग्रिप, म्हणजे काठ्यांच्या मुठी, गुळगुळीत झाल्यात म्हणता, त्या बदला: चौदा काठ्या, आठ-नऊ हजार. जाळी गावातच शिवून घ्या.

पुस्तकं चार घेतलीत आणि चारींत काठी धरायची पद्धत वेगळी सांगितलीय म्हणून गोंधळ झाला, हे साहजिक आहे. एकच ठेवा, तुमच्या प्रशिक्षकाच्या शिकवण्याशी जुळणारं. बाकीची वर्षभर कपाटात. धडेही तीस एकदम नकोत. एका धड्यात एक गोष्ट सुधारते आणि ती अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे लागतात, मग पुढचा धडा. दोन हजारांचे बारा, म्हणजे चोवीस हजार. नागपूरच्या फेऱ्या महिन्याला दोन, हजाराच्या हिशेबाने आणखी चोवीस. ग्रिप, जाळी धरून वर्षाचे साठ-पासष्ट हजार. पेन्शनमधून वर्षाला शहाण्णव हजार उरतात, त्यातून हे आणि टर्म विमा दोन्ही निघतात.

चाळीस हजारांची आशा मात्र हिशेबातून काढा. 2009 ची इंडियन ओपन जिंकणारे चिन्नास्वामी मुनियप्पा आधी कॅडी होते, हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण ते बंगळुरूत कोर्सवरच वाढले. तुमचा कोर्स नव्वद-शंभर किलोमीटरवर आहे आणि शिकणारेही तिथेच असणार. हँडिकॅप 15 च्या खाली आला की नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाची चौकशी करू. तोवर त्यातून एक रुपयाही धरायचा नाही.

व्यापारी या महिन्यातच दारात येईल. त्याला सांगा, यंदा बाग दिवाळीनंतर. आणि कंपनीचे दोन्ही आकडे आले की मला पाठवा, सोबत पुढच्या रविवारचे पट किती ते लिहा.