नवीन ऑफिसात दोन महिने झाले, पण ‘हाय-बाय’च्या पुढे कुणाशी जमत नाही. ठाण्याहून फोर्टला येतो. सहकाऱ्यांशी मैत्री कशी करावी?

डेस्कवर बसून नाही, डबा खाताना आणि परतीच्या लोकलमध्ये करा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. गंमत म्हणजे निव्वळ एकत्र काम केलेले तास त्यात फारसे मोजले जात नाहीत. म्हणून तर आठ-आठ तास शेजारी बसणारी माणसं वर्षानुवर्षं अनोळखी राहतात! तुमच्या बाबतीत हिशोब सोपा आहे: सीएसएमटी ते ठाणे फास्ट लोकलने पाऊण तास धरा. त्याच बाजूला राहणारं कुणी ऑफिसात असेल (असतंच, डोंबिवली-कल्याणचं तर नक्की), तर रोज एकाच गाडीने निघा, तीन महिन्यांत पन्नास तास भरतील. अर्थात दोघांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं नाही तर. सहकारी महिला असेल आणि ती लेडीज डब्यातून जात असेल, तर स्टेशनपर्यंतची चाल आणि टपरीवरचा कटिंग यावर भागवा. डब्याचं म्हणाल तर एकट्याने खाऊ नका, भाजी थोडी जास्त आणा. पहिल्या दिवशी ‘घ्या ना’ तुम्हीच म्हणायचं. फक्त, ज्याच्या हातात तुमचं अप्रेझल आहे त्याच्याशी हसून-खेळून राहा, पण पगार आणि ऑफिसातल्या तक्रारी त्याच्यापाशी काढू नका.