बालवर्गासाठी मुलांच्या संस्कृतीशी जुळणारी खेळणी कशी निवडावीत?

खरेदीआधी पालकांना विचारा: घरी कोणती भाषा बोलता, मूल रोज कोणत्या वस्तू हाताळतं, मोठ्यांची कोणती कामं पाहतं? यादी त्यातूनच निघते.

सुरुवात भातुकलीच्या कोपऱ्यापासून करा. प्लॅस्टिकच्या तयार संचापेक्षा घरांतून आलेली खरी, हलकी भांडी, कापडाचे तुकडे आणि घरच्या लिपीतली छपाई असलेली रिकामी खोकी जास्त कामाची. ओळखीची वस्तू दिसली की खेळ लांबतो. बाहुल्यांत हमखास होणारी चूक म्हणजे दहा गोऱ्या बाहुल्यांत एकच सावळी आणणं. मग ती ‘वेगळी’ ठरते आणि बाजूला पडते. 4-5च घ्या, पण वर्ण, केस, चेहरेपट्टी खरोखर वेगवेगळी हवी. एकाच साच्याला निरनिराळे रंग फासलेले नकोत. आणि कपडे रोजचे ठेवा. फक्त सणाचा पोशाख घातला की ती माणसं मुलांना प्रदर्शनातली वाटतात.

3 वर्षांखालच्या मुलांसाठी सुमारे 3.2 सेंमी रुंद, 5.7 सेंमी खोल नळीत पूर्ण मावणारी वस्तू बाद, कारण ती घशात अडकू शकते. घरून आलेल्या भांड्यांच्या धारदार कडा, सुटे मणी, रंगाचे पोपडे तपासा. धार्मिक वस्तू असेल तर खेळात ठेवण्याआधी त्या कुटुंबाला जरूर विचारा.