लिनक्सवर नेट गंडलंय? आधी कुठे तुटलंय ते बघूया

या वेळी नेटवर्कचेच प्रश्न इतके आले की बाकी सगळं बाजूला ठेवलं. वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, नेट बंद पडलं की बहुतेक जण कुठूनतरी एखादी कमांड उचलून चिकटवतात, ती नाही चालली की अजून चार, आणि शेवटी कंटाळून सगळी सिस्टीमच पुन्हा टाकतात. कळकळीने सांगतो, असं करू नका. कुठे अडलंय ते लिनक्स स्वतःच सांगतं, फक्त ओळीने विचारायला लागतं.

कमांड्स मी इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाईप करायच्या. आधी ‘आयपी ए’. तुमच्या कार्डच्या ओळीत ‘नो-कॅरियर’ दिसलं तर घोळ केबल, जॅक किंवा स्विचपाशी, पुढे काही बघायचंच नाही. कॅरियर आहे पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय किंवा पत्ताच नाही, तर राऊटरने आयपी दिलेला नाही. पत्ता नीट असेल तर ‘आयपी आर’ करा, ‘डिफॉल्ट व्हाया’ च्या पुढे जो आकडा दिसतो तो गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, त्याला पिंग करा (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघा), ते चाललं की बाहेर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर), आणि मग नावाने एखाद्या साईटला. पहिल्यांदा जिथे थांबलं तिथून शोधायला लागा, त्याच्या पुढच्या कशालाही अजून हात लावू नका.

प्रश्न (नाशिक): घरी उबुंटू आहे. वायफाय कनेक्टेड दाखवतं, ८.८.८.८ ला पिंग जातं, पण ब्राउझरमध्ये एकही साईट उघडत नाही. ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाईलमध्ये डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलला की चालतं, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. मित्र म्हणतो फाईल लॉक करून टाक.

लॉक करू नका. आकड्याला पिंग जातंय आणि नावाला जात नाही म्हणजे डीएनएस, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण ती फाईल आता खरी फाईल राहिलेलीच नाही. उबुंटूत तो एक दुवा असतो, खरी फाईल ‘रन’ फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर मेमरीत असतं, म्हणून दर रीस्टार्टला ती नव्याने तयार होते. आत १२७.०.०.५३ असं दिसत असेल तर दचकू नका, तो तुमच्याच मशीनवरचा सिस्टमडी-रिझॉल्व्हड आहे, सगळे प्रश्न आधी त्याच्याकडे जातात आणि तो पुढे विचारतो. तो पुढे कोणाला विचारतोय हे बघायला ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ करा, बहुतेक तिथे तुमच्या राऊटरचाच पत्ता दिसेल आणि राऊटरचा डीएनएस झोपलेला असेल. आधी राऊटर एकदा बंद-चालू करून बघा. तरी तेच असेल तर सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावापुढचं गियर, आयपीव्ही४ चा टॅब, डीएनएस ऑटोमॅटिक बंद, आणि खाली १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहायचं. वायफाय बंद करून चालू करा की झालं, रीस्टार्टनंतरही टिकेल. फाईल लॉक केली तर आज चालेल, पण उद्या ऑफिसच्या व्हीपीएनने (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खाजगी बोगदा) स्वतःचा डीएनएस टाकायचा प्रयत्न केला की तो फसेल आणि कारण सापडायला दिवस जाईल.

प्रश्न (कोल्हापूर): सीए ऑफिस, आठ-दहा मशीन्स, निम्मी लिनक्स मिंट, निम्मी विंडोज. रोज सकाळी काही मशीन्सना नेट येतं, काहींना नाही, आणि रोज वेगळ्या. प्रिंटरही कधी दिसतो कधी नाही. फायबरवाला येऊन गेला, म्हणतो लाईन ओके आहे.

लाईन ओकेच असणार, तुमची लक्षणं आतल्या भानगडीची आहेत. एकच विचारतो, मागच्या काही महिन्यांत कोणीतरी मीटिंग रूममध्ये किंवा साहेबांच्या केबिनमध्ये वायफाय नीट यावं म्हणून एक जुना राऊटर आणून जोडलाय का? आणि ऑफिसची केबल त्याच्या लॅन पोर्टला लावली आहे का? बहुतेक हेच असतं.

होतं असं की आयपी वाटायचं काम नेटवर्कमध्ये एकानेच करायचं असतं, त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात, आणि तुमच्याकडे आता दोन झालेत. मशीन चालू झाली की ती सगळ्या ऑफिसला ओरडून विचारते, मला पत्ता कोण देतंय, आणि जो आधी उत्तर देईल त्याचं साधारणपणे घेते. रात्री मेन स्विच बंद, सकाळी सगळं एकदम चालू, मग शर्यत लागते. ज्याला फायबरच्या राऊटरने आधी गाठलं त्याला नेट, आणि ज्याला त्या जुन्या राऊटरने गाठलं त्याचा गेटवे तो जुना राऊटर, ज्याच्या पलीकडे इंटरनेटच नाही. रोज वेगळ्या मशीन्स का, याचं उत्तर हेच.

अंदाजावर जाऊ नका, खात्री करा. नेट असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन लिनक्स मशीन्सवर ‘आयपी आर’ करा, दोघांचा गेटवे वेगळा दिसला तर प्रश्नच मिटला. गेटवे सारखाच दिसला तरी निश्चिंत होऊ नका, दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ वर बसलेले असू शकतात. तेव्हा गेटवेला पिंग करून लगेच ‘आयपी नेबर’ करा, गेटवेसमोरचा मॅक अॅड्रेस (कार्डला कंपनीने दिलेला नंबर) दोन मशीन्सवर वेगवेगळा आला तर एकाच पत्त्यावर दोन डबे आहेत. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बहुतेक वेळा कंपनीही कळते, म्हणजे कुठला डबा शोधायचा ते समजतं.

इलाज सोपा आहे आणि तो जुना राऊटर फेकायचीही गरज नाही. त्याला एकट्याला लॅपटॉपला जोडा, त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (तुमची रेंज वेगळी असेल तर त्याप्रमाणे, आणि तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना ते बघून), आणि केबल परत लॅन पोर्टलाच लावा, वॅनला नाही. आता तो फक्त वायफाय देईल. काही राऊटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असतो, तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. आणि जाता जाता प्रिंटरला कायमचा पत्ता देऊन टाका, पण मुख्य राऊटर ज्या रेंजमधून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा, म्हणजे वाटप १०० ते २०० असेल तर प्रिंटर १० वर. मग तो कोणाशी भांडणार नाही.

प्रश्न (लातूर): दादा, ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, मोबाईलवर वायफायने २५० च्या वर येतो, पण पीसीला केबल लावली तर ९४ च्या पुढे जातच नाही. लिनक्सचा ड्रायव्हर खराब आहे का?

ड्रायव्हरला दोष देऊ नकोस रे. ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या लिंकमधून हेडर वगैरे वजा जाता हातात साधारण तेवढंच येतं, म्हणजे तुझी केबल लिंक गिगाबिटवर नाही, १०० वर जुळली आहे. ‘ईथटूल’ लिहून पुढे कार्डचं नाव टाक, स्पीडच्या ओळीत १०० दिसेल. आता त्याच आउटपुटमध्ये ‘लिंक पार्टनर’ वाली ओळ बघ. समोरचा राऊटर १००० देऊ शकतो असं तिथे असेल तर दोषी केबल. १०० ला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, गिगाबिटला आठही लागतात. घरी वायरमनने एकाच केबलमधून दोन पॉइंट काढले असतील किंवा क्रिम्पिंग करताना निळ्या-तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नसेल तर नेट चालतं पण असं अडकतं, आणि कधी कधी तर लिंक सारखी पडते-उठते. बाजारातून तयार केबल आण आणि लावून बघ. लिंक पार्टनरच १०० च्या वर जात नसेल तर मात्र राऊटरचे पोर्ट तेवढेच आहेत, स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरमध्ये असतात, तिथे केबल बदलून काही होणार नाही.

प्रश्न (ठाणे): घरून काम करतो, फेडोरा. ऑफिसचा व्हीपीएन जोडला जातो, पिंग जातं, पण आतली वेबसाईट अर्धी येऊन अडकते आणि मोठी फाईल कॉपी होत नाही. ऑफिसवाले म्हणतात विंडोज वापरा.

छोटं जातंय, मोठं अडकतंय, तेव्हा आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासा. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. तुमचं फायबर युजरनेम-पासवर्डने लॉगिन होत असेल तर ते पीपीपीओई, त्यात ८ बाइट जातात, उरले १४९२. त्यावर व्हीपीएन स्वतःचं वेष्टण चढवतो, अजून कमी. पॅकेट मोठं झालं तर वाटेतल्या राऊटरने ‘हे मावत नाही, लहान करा’ असा आयसीएमपी निरोप पाठवायचा असतो, पण कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट अडवलेला असतो आणि निरोप पोचतच नाही. मग पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतो. मला या सवयीचा खरंच राग येतो, कारण त्यात सुरक्षा काही वाढत नाही आणि माणसं आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसतात.

तपासायला व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या आतल्या सर्व्हरला ‘पिंग, डॅश कॅपिटल एम डू, डॅश एस १४७२’ असं पिंग करा. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. जाणार नाही, मग १४००, १३५०, १३०० असं खाली या. जो आकडा जातो त्यात २८ मिळवा, तोच तुमचा एमटीयू. मग ‘सुडो आयपी लिंक सेट’, पुढे ‘डेव्ह’ आणि टनेलचं नाव, बहुतेक ट्यून०, शेवटी ‘एमटीयू’ आणि तो आकडा. हे पुन्हा कनेक्ट केलं की जाईल, पण फरक दिसला तर पुरावा हातात आला. तो घेऊन आयटीवाल्यांकडे जा आणि त्यांच्या बाजूला एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) कमी करून घ्या, विंडोजवाल्यांचेही न सांगितलेले त्रास त्याने कमी होऊ शकतात.

प्रश्न (नागपूर): डेबियनवर सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाईल्स देणारा प्रोग्रॅम) वापरून शेअर केलंय. जुन्या विंडोज मशीन्सवर नेटवर्कमध्ये दिसायचं, नवीन विंडोज ११ वर दिसतच नाही. एसएमबी१ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा असा सल्ला मिळाला.

एसएमबी१ अजिबात चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्याच भोकातून जगभर पसरला होता, त्यानंतर विंडोजने आणि २०१९ मध्ये सांबानेही ते मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आधी दिसणं आणि उघडणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. विंडोजवर फाईल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या रेघा आणि सर्व्हरचा आयपी टाका. उघडलं तर शेअर ठणठणीत आहे, फक्त यादीत नाव येत नाहीये, त्यासाठी डेबियनवर ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचं पॅकेज टाका (नवीन डेबियनवर ‘डब्ल्यूएसडीडी-सर्व्हर’), काम झालं. उघडलंच नाही तर तुम्ही बिनपासवर्डचा गेस्ट शेअर ठेवला असणार, नवीन विंडोज ११ तो सहज उघडू देत नाही, आणि बरोबरच आहे ते. युजरसाठी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश ए’ करून पासवर्ड द्या, लिनक्सचा लॉगिन पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे साठवले जातात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

प्रश्न (म्हापसा): दुकानातल्या सर्व्हरमध्ये नवीन एनव्हीएमई एसएसडी टाकली आणि नेटच गेलं. एसएसडीचा नेटशी काय संबंध?

कार्डचं नाव बदललंय. ईएनपी३एस० सारख्या कार्डच्या नावातला ३ हा पीसीआय बसचा नंबर असतो, नवीन एसएसडी मध्ये घुसली की तो सरकून ४ होऊ शकतो आणि तुमची सेटिंग मात्र जुन्या नावाची वाट बघत बसते. ‘आयपी लिंक’ करून नवीन नाव बघा आणि कॉन्फिगमध्ये टाका. नेटप्लॅन (फाईलमधून नेटवर्क सेटिंग लावणारं साधन) वापरत असाल तर नावाऐवजी ‘मॅच’ खाली मॅक अॅड्रेस द्या, पुन्हा हे होणार नाही. आणि ‘नेटप्लॅन अप्लाय’ च्या ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ करा, तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.

प्रश्न (सातारा): वाचनालयाला जुने पीसी मिळाले, लिनक्स टाकलं. नेट आहे पण प्रत्येक साईट सर्टिफिकेटची चूक दाखवते.

घड्याळ बघा. मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग आजचं सर्टिफिकेट त्या मशीनला अजून सुरूच न झालेलं वाटतं. सेल बदला आणि ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ करा.

प्रश्न (बेंगळुरू): रत्नागिरीला आईवडिलांच्या घरी कॅमेरे लावलेत आणि एक छोटं लिनक्स मशीन ठेवलंय. राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवणं) केलं तरी इथून काही उघडत नाही.

राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच खरा पत्ता कित्येक घरांत वाटलाय आणि बाहेरून येणारा माणूस तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर असलं तरी उपयोग शून्य. आणि एका अर्थाने बरंच झालं, कॅमेरा उघडा इंटरनेटवर टांगणं मला कधीच पटत नाही, त्यात घरी वयस्कर माणसं असताना तर नाहीच.

तुमच्याकडे तिथे लिनक्स मशीन आहे ना, मग त्यावर टेलस्केल टाका, किंवा स्वतःचा भाड्याचा सर्व्हर असेल तर वायरगार्ड, दोन्ही व्हीपीएनच. दोन्हीत घरचं मशीन आतून बाहेर कनेक्शन करतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. टेलस्केलमध्ये त्या मशीनला सबनेट राऊटर करायचं (म्हणजे घरातल्या कॅमेऱ्यांपर्यंतची वाट त्यातून जाईल), त्यावर आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं आणि अॅडमिन पेजवर तो रूट मंजूर करायचा, हे शेवटचं बरेच जण विसरतात. अजून एक, बेंगळुरूच्या घरचं वायफायही १९२.१६८.१ चंच असेल तर तुमचा लॅपटॉप कॅमेऱ्याला तिथल्या तिथेच शोधण्याची शक्यता मोठी. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिथल्या राऊटरची रेंज १९२.१६८.३७ वगैरे करून ठेवा आणि कॅमेऱ्यांना नवीन पत्ते मिळालेत ना ते बघूनच निघा, हे लांबून करायला जाऊ नका, मध्येच कनेक्शन तुटलं तर आईवडिलांना फोनवर राऊटरचं पेज उघडायला सांगायची वेळ येईल.