लिंगाणा पहिल्यांदाच करताय? बुकिंगआधी एवढं विचारा

लिंगाणा, म्हणजे रायगडाजवळचा दोर लावून चढायचा सुळका, जरूर करा. फक्त त्याआधी राजगड-तोरण्यासारखा दमवणारा एखादा ट्रेक झालेला असू द्या.

नवखे सगळ्यात आधी दर बघतात. बघाच, पण त्यात काय काय धरलंय ते लेखी मागा: मोहरीपर्यंतची (चाल सुरू होते ते गाव) गाडी, गावातलं जेवण, हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायला कमरेला बांधायचा पट्टा). पाचशे रुपये कमी सांगणारा बऱ्याचदा जेवण बाहेर ठेवतो. नाहीतर दोर सांभाळणारी माणसं कमी करतो, आणि ते जास्त वाईट.

फोनवर सरळ विचारा:

- बॅच किती जणांची? सुळक्यावर एका दोरावर एका वेळी एकच जण चढतो. पन्नास जण नेले की निम्मा दिवस उन्हात रांगेत जातो आणि उतरताना अंधार पडतो. माझ्या मते पंधरा-वीस पुरे.
- टेक्निकल टीममध्ये, म्हणजे दोर लावणारे-सांभाळणारे, किती जण? उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा कोर्स केलेलं कुणी आहे का?
- 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? विमा?
- बेत रद्द झाला तर पैसे परत किती?

‘या हो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप शोधा. पावसाळ्यात नेतो म्हणणाऱ्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

गाठी, अँकर यांत आत्ता डोकं घालू नका. बूट आधी वापरून घ्या, तीन-चार लिटर पाणी घ्या. बोराट्याच्या नाळेत (मोहरीहून सुळक्याकडे उतरणारी दगडांची अरुंद घळ) वरच्यांच्या पायाखालून दगड सुटतात, तेव्हा हेल्मेट तिथूनच डोक्यावर हवं.