सरकार आपली खासगी पत्रे उघडू शकते का, फोन ऐकू शकते का, आणि तसे झाल्यास ते आपल्याला कळते का?

अधिकार सरकारला आहे. कळवले मात्र जात नाही, आणि आपल्या प्रश्नाचा हा दुसरा भागच मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आणीबाणीत माझे काका ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली स्थानबद्ध होते. तुरुंगातून त्यांचे आंतर्देशीय पत्र येई, तेव्हा पत्त्याच्या बाजूला तपासणीचा जांभळा शिक्का असे आणि आत दोन-तीन ओळींवर काळी शाई फिरवलेली असे. आजी तो कागद खिडकीतल्या उजेडासमोर धरून खालची अक्षरे लागतात का ते पाही. प्रकार अपमानास्पदच होता, पण पत्र तिऱ्हाइताने वाचले आहे एवढे तरी आम्हाला ठाऊक असे.

टपालाबाबत १८९८ च्या कायद्याने सार्वजनिक आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता वा शांतता अशा मोजक्या कारणांसाठी पत्र अडवण्याची मुभा दिली होती. ही कारणे वाढवणारे विधेयक संसदेने १९८६ मध्ये संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. शेवटी २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याच्या कलम ९ मध्ये मात्र राज्याच्या सुरक्षिततेपासून थेट ‘अन्य कोणत्याही कायद्याचे उल्लंघन’ इथपर्यंत कारणे आहेत, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची याविषयी ते कलम गप्प आहे.

फोनची स्थिती थोडी बरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिल्याप्रमाणे आदेश साधारणपणे गृहसचिवांनीच द्यायचा असतो, तो दोन महिने चालतो, वाढवून सहा महिन्यांपलीकडे नेता येत नाही, आणि समितीकडून त्याचे पुनर्विलोकन व्हावे लागते. परंतु आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची मागणी तेव्हा मान्य झाली नाही, आणि समितीतही सगळे सचिवच असतात. एका सचिवाची सही इतर सचिवांनी तपासायची, अशी ही व्यवस्था आहे. (त्यांनी नापसंत केलेले आदेश किती, हे मला फार जाणून घ्यावेसे वाटते.)

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकला गेला होता. फोन ऐकायलाही सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण लागते; या प्रकरणात तो प्रश्न कोठे येतो, हे सरकारला दाखवता आले नाही, आणि न्यायालयाने ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आदेश मात्र २००९ आणि २०१० मधले होते, आणि न्यायालयापर्यंत ते पोहोचले, कारण त्या माणसावर गुन्हा दाखल झाला होता. आपला फोन कोणी दोन महिने ऐकला, काहीच न सापडल्याने फाईल बंद केली, तर आपल्याला पत्र येणार नाही आणि शिक्काही दिसणार नाही.